भुकेल्या फौजेवर मिठाईचा पाऊस

फौजेला लढाईवर निघायचंय. मंत्री ओरडतोय, सेनापती ओरडतोय, पण शिपायांच्या अंगात त्राणच नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात असे देह, डोळे खोल गेलेले. मंत्र्याचं पोट मात्र चांगलंच सुटलेलं आणि तोंड सदा चालू. तेवढ्यात दोन उपरे समोर येऊन उभे राहतात. एक गाऊ लागतो, दुसरा ढोल बडवू लागतो आणि अख्खी फौज जागच्या जागी थिजते. मग दोघं एकमेकांच्या हातावर टाळी देतात आणि आकाशातून मिठाईच्या हंड्या डुलत डुलत खाली येऊ लागतात. गाणं थांबतं, शिपायांचे हातपाय मोकळे होतात आणि सगळे भाले-तलवारी टाकून हंड्यांवर तुटून पडतात. मंत्रीही धावतो. तो उपाशी नसतो, पण हावरटाला आमंत्रण लागत नाही. युद्ध तिथंच संपतं.

सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ ८ मे १९६९ रोजी कोलकात्यात लागला आणि जवळजवळ वर्षभर तिथून हलला नाही. ‘पथेर पांचाली’, ‘चारुलता’ या त्यांच्या चित्रपटांचा जगभर गाजावाजा झाला होता, पण बंगालमधल्या गल्लीबोळात, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला तो हाच. आज पाच दशकं उलटून गेली तरी बंगाली घरात त्याची गाणी कुणाला शिकवावी लागत नाहीत. मुलं ती ऐकत ऐकतच मोठी होतात.

लहान मुलांचा सिनेमा टिकला की आपण लगेच ‘निरागसता’ म्हणून मोकळे होतो. मला हे कारण कधीच पटलेलं नाही. निरागस सिनेमे ढिगानं निघतात आणि पुढच्या वर्षी कुणाला आठवतही नाहीत. गुपी-बाघा टिकले, कारण या जादूच्या गोष्टीच्या तळाशी भूक आहे. पोटाची भूक तर आहेच, शिवाय आपलं गाणं कुणीतरी ऐकावं ही भूकही आहे. मुलांना दोन्ही भुका कळतात.

गोष्ट मुळात राय यांची नव्हे, त्यांच्या आजोबांची. उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार आणि वादक, शिवाय हाफटोन छपाईत स्वतः प्रयोग करणारे मुद्रक. १९१३ साली त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचं मासिक काढलं. गुपी-बाघाची गोष्ट त्यात १९१५ साली छापून आली आणि त्याच वर्षी उपेंद्रकिशोर गेले. पुढे त्यांचे पुत्र सुकुमार यांनी ‘संदेश’ सांभाळलं. तेही १९२३ साली गेले, तेव्हा सत्यजित जेमतेम अडीच वर्षांचे होते. आजोबांची गाठ कधी पडलीच नाही आणि वडील आठवणीत राहण्याआधीच गेले. हातात राहिली ती त्यांची पुस्तकं आणि मासिकाचे जुने अंक. १९६१ साली सत्यजित यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीनं ‘संदेश’ पुन्हा सुरू केलं. (आपल्याकडे वा. गो. आपटे यांनी ‘आनंद’ मासिक १९०६ सालीच सुरू केलं होतं. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणणारे आपटे हेच. बंगाली-मराठी बालसाहित्याची ही सोयरीक कुणीतरी नीट अभ्यासायला हवी.)

सिनेमाचं निमित्त मात्र घरातलं होतं. मुलगा संदीप वडिलांच्या मागे लागला होता, की तुमचे सिनेमे फार गंभीर, मोठ्यांचे असतात, आमच्यासाठी काहीतरी करा. राय यांनी मनावर घेतलं, पण पैसे कुठून येणार? १९६७ साली ते ‘द एलियन’ नावाच्या पटकथेसाठी हॉलिवूडपर्यंत जाऊन आले होते. बंगालमधल्या खेडेगावात परग्रहावरचा पाहुणा उतरतो, अशी ती कल्पना होती. ते प्रकरण पुढे सरकलंच नाही. इकडे भुताखेतांच्या, उंट-राजवाड्यांच्या गाणाऱ्या सिनेमाला निर्माता मिळेना. शेवटी पूर्णिमा पिक्चर्सनं जबाबदारी घेतली. राय यांना सिनेमा रंगीत हवा होता, पण तेवढी ऐपत नव्हती. म्हणून तो काळा-पांढरा झाला आणि अगदी शेवटचा प्रसंग तेवढा रंगीत.

ही अडचण पथ्यावर पडली असं सरसकट म्हणायचा मोह होतो. मी तो अर्धाच मान्य करतो. शेवटी रंग उजळतात तेव्हा गंमत वाटते, पण मधल्या राजवाड्यातल्या दृश्यांना रंगांची उणीव जाणवते. भुतांच्या नाचाला मात्र काळ्या-पांढऱ्यानंच तारलं.

तो नाच येतो सुरुवातीच्या भागात. गुपी हा किराणा दुकानदाराचा पोर. आवाज भसाडा, हौस दांडगी. गावातले पारावरचे म्हातारे त्याला चढवतात, की पहाटे राजाच्या खिडकीखाली जाऊन गा, राजा खूश होईल. राजाची झोपमोड होते, तंबोरा फुटतो आणि गुपीची गाढवावरून गावाबाहेर रवानगी होते. तिकडे दुसऱ्या गावातून बाघाला त्याच्या ढोलापायी हाकललेलं. दोघांची भेट बांबूच्या बनात होते. ही भेट राय यांनी कशी रचलीय ते बघा. गुपीला आधी नुसता आवाज ऐकू येतो, टप्... टप्... टप्... तो शोधत जातो. पानांवरून पाण्याचे थेंब ओघळताहेत, खाली एक ढोल पडलाय आणि त्याच्या कातड्यावर थेंब पडताहेत. ढोलाचा मालक शेजारीच घोरत पडलाय. ज्याला सगळ्यांनी बेसूर म्हणून हाकललं, त्याच्या वाद्यातून झाडंच ताल काढताहेत. हे संवादातून कुणी सांगत नाही.

मग वाघ येतो. दोघं श्वास रोखून उभे राहतात. वाघ निघून जातो आणि जीव वाचल्याच्या आनंदात दोघं गायला-वाजवायला लागतात. माणसांनी नाकारलेला तो गोंगाट भुतांना मात्र आवडतो.

साडेसहा मिनिटांचा हा नाच भारतीय सिनेमातला एक अद्भुत तुकडा आहे. ‘भुतं नाचली’ असं कागदावर दोन शब्दांत लिहून होतं. पडद्यावर ती दाखवायची म्हणजे भुतं दिसतात कशी, नाचतात कशी, कुठल्या तालावर, हे सगळं ठरवावं लागतं. राय यांनी भुतांचे चार वर्ग पाडले. पहिले राजेरजवाडे, दुसरे शेतकरी आणि साधी माणसं, तिसरे गोरे साहेब आणि चौथे लठ्ठ, म्हणजे शेठ, पाद्री, भटजी असे खाऊन-पिऊन मेलेले. बंगालच्या मातीत जेवढ्या प्रकारचे लोक मेले, तेवढ्या प्रकारची भुतं, असा सरळ हिशेब.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपली भुतंही जात-पात आणि स्थिती बघूनच होतात. ब्राह्मणाचा समंध, मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या पोराचा मुंजा, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ. मेल्यावरही माणसाची पायरी सुटत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही आजीला राय यांच्याइतकंच ठाऊक होतं. फरक एवढाच, की आपल्या आजीची भुतं घाबरवायची आणि राय यांची भुतं आपापसात भांडतात. आधी प्रत्येक वर्ग आपापला नाच करून दाखवतो, मग त्याच वर्गात मारामारी जुंपते. शेवटी चारही वर्ग एकावर एक अशा चार रांगांत, एकाच पडद्यावर एकत्र नाचतात.

संगीतात राय यांनी आणखी एक चलाखी केली. भुतांच्या नाचाला सूर नाहीच, नुसता ताल आहे. तोही कर्नाटक संगीतातल्या तालवाद्य कचेरीतून उचललेला. राजांना मृदंगम, शेतकऱ्यांना खंजिरी, साहेबांना घटम आणि लठ्ठ भुतांना मोरसिंग. साहेबांचा नाच मुद्दाम कमी वेगानं चित्रित केला. त्यामुळे पडद्यावर ते चावी दिलेल्या बाहुल्यांसारखे ताठ, झटक्याझटक्यानं हलतात. शंभू भट्टाचार्य यांनी नृत्यदिग्दर्शन केलं होतं. संगणकाचं नावही नव्हतं. सौमेंदु राय यांचा कॅमेरा, पांढऱ्या-काळ्याची अदलाबदल, वेगाचा खेळ आणि दुलाल दत्तांची कात्री, एवढ्यावर हे उभं राहिलं. आज कोट्यवधी रुपये ओतून केलेली भुतं पाच वर्षांत जुनाट दिसू लागतात, ही मात्र अजून ताजी आहेत. ती खरी भासावीत असा प्रयत्नच कुणी केला नव्हता, मग खोटी पडणार कशी?

नाच संपल्यावर भुतांचा राजा प्रकटतो. चकाकणारा, दात विचकणारा आणि यमकात बोलणारा. तो सानुनासिक, चिरका आवाज स्वतः राय यांचा आहे, ध्वनिमुद्रणाचा वेग बदलून काढलेला. राजा तीन वर देतो, आणि इथं मला नेहमी थांबावंसं वाटतं. तीन वर मिळाले तर माणूस काय मागेल? सोनं, राज्य, अमरपण. हे दोघं काय मागतात? हवं तेव्हा खायला-ल्यायला मिळावं, हवं तिथं जाता यावं आणि आपलं गाणं-बजावणं ऐकून लोक खूश व्हावेत. बस्स. गरिबाचं मागणं असं नेमकं असतं. चित्रपट आला तेव्हा बंगालमध्ये १९६६ च्या अन्नआंदोलनाची आठवण ताजी होती. रेशनच्या रांगा होत्या, गोळीबार होऊन गेले होते. नक्षलबाडीचा उठाव १९६७ चा. महाराष्ट्रात रेशनवरची लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्लीय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा काळात ‘टाळी दिली की थाळी आली’ हे स्वप्न मुलांपेक्षा मोठ्यांच्याच काळजाला अधिक भिडलं असणार.

वराची एक अट मात्र चुकवू नये अशी आहे. टाळी एकट्याला वाजवता येत नाही. गुपीचा हात आणि बाघाचा हात एकमेकांवर पडला तरच जेवण येतं, तरच जादूचे जोडे उडवून नेतात. एकाला कोंडलं की दुसऱ्याची जादू संपली. त्यामुळे दोघं भांडले तरी फार वेळ भांडत नाहीत, ते परवडणारंच नसतं.

तपेन चटर्जी तेव्हा जवळजवळ अनोळखी होते आणि रवि घोष नावाजलेले नट. तपेन यांचा भाबडा, उंच गुपी आणि रवि घोषांचा बुटका, वटवटा, धूर्त पण भित्रा बाघा ही जोडी इतकी जमली, की दोघांना पुढे आयुष्यभर लोकांनी त्याच नावानं हाक मारली. गुपीचा गाता गळा होता अनुप घोषाल यांचा. गीतं आणि चाली दोन्ही राय यांच्याच. संतोष दत्त यांनी शुंडीचा सज्जन राजा आणि हाल्लाचा दुष्ट राजा अशा दोन्ही भूमिका केल्या. पेशानं वकील असलेले हेच संतोषबाबू पुढे राय यांच्याच गुप्तहेर फेलूदाच्या ‘सोनार केल्ला’मध्ये जटायू झाले. मराठीत अशोक जैनांच्या अनुवादातून फेलूदा वाचणाऱ्यांना जटायूची ओळख वेगळी करून द्यायला नको. आणि मंत्र्याच्या पदरी असलेला जादूगार बर्फी म्हणजे हरींद्रनाथ चट्टोपाध्याय. सरोजिनी नायडूंचे धाकटे बंधू, कवी, पहिल्या लोकसभेचे सदस्य आणि ‘बावर्ची’तले आजोबा. एवढ्या माणसाला राय यांनी अगम्य बडबड करायला लावली आहे.

हाल्लाचा राजा मुळात वाईट नाहीच. मंत्री त्याला बर्फीचं औषध पाजून दुष्ट करतो. औषधाचा अंमल उतरला की हा राजा एखाद्या मुलासारखा होतो, आणि शेवटी सुटका होते तेव्हा ‘सुट्टी, सुट्टी’ असं ओरडत धावत सुटतो. सत्तेवरून उतरलेल्या माणसाला सुट्टी मिळाल्याचा आनंद व्हावा, ही कल्पना कुठल्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात मला सापडलेली नाही. समोर शुंडीत प्रजा मुकी आहे, फौज नाही, तरी सगळे सुखी आहेत. हाल्लात फौज आहे आणि खायला काही नाही. राय यांनी शुंडीसाठी बुंदी आणि हाल्लासाठी जैसलमेर वापरलं. तिथल्या वाळवंटात उंटांची खरीखुरी फौज उभी केली. ‘हुंडी’ला जाऊ म्हटलं की वाळवंट आणि ‘झुंडी’ म्हटलं की बर्फ, हा शुंडीचं नाव विसरल्याचा विनोदही तसाच, खऱ्या जागांवर जाऊन केलेला.

दिवाळीच्या सुट्टीत घरात जमलेल्या भाचरांना आम्ही हा सिनेमा दाखवला. सबटायटल इंग्रजी, मुलं मराठी, भाषा बंगाली. धाकटी सात वर्षांची, तिला एवढ्या वेगानं वाचता येत नव्हतं. ती भुतांच्या नाचाला घाबरेल या भीतीनं तिची आई शेजारी येऊन बसली होती. पोरगी घाबरली नाही. तिनं एकच विचारलं, “ही एकाच घरातली भुतं भांडतात का?” हुंडी-झुंडीला सगळी फौज हसून गडाबडा लोळली. थोरला आठवीतला, त्याला मध्यंतरानंतर कंटाळा आला. तो मोबाइल काढू लागला होता, पण कोठडीचा प्रसंग आला. कैदेत टाकलेले गुपी-बाघा टाळी देऊन पंचपक्वान्नं मागवतात आणि गजांबाहेर उपाशी पहारेकरी लाळ गाळत बघतो, ते दृश्य लागलं आणि मोबाइल खिशात गेला. शेजारच्या बंगाली काकू मधेच डोकावल्या आणि उभ्या उभ्या दोन गाणी म्हणून गेल्या. लहानपणी त्या आणि त्यांचा भाऊ जेवायला बसण्याआधी एकमेकांना टाळी देत, म्हणाल्या. ताटात काय येणार ते ठाऊक असायचं, तरी देत.

थोरल्याचा कंटाळा अगदीच अनाठायी नव्हता. सिनेमा मध्ये रेंगाळतो. राजवाड्यातले काही प्रसंग निम्म्यात झाले असते. आणि बायका? या अख्ख्या सिनेमात बाईला जवळजवळ काम नाही. शेवटी दोन राजकन्या येतात त्या बक्षीस म्हणून. ‘महानगर’ आणि ‘चारुलता’ करणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावं याचं वाईट वाटतं. मूळ गोष्ट १९१५ ची आहे ही सबब मला पुरेशी वाटत नाही, कारण इतर ठिकाणी राय यांनी आजोबांच्या गोष्टीत भरपूर बदल केलेच आहेत.

देशानं सिनेमाला मान दिला. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. बर्लिनच्या महोत्सवातही तो स्पर्धेत होता, पण पाश्चात्त्य समीक्षकांना तो फारसा कळला नाही. राय म्हणजे संथ, करुण, वास्तववादी, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यात गाणारं भूत बसेना.

राय मात्र या दोघांना विसरले नाहीत. १९८० साली ‘हीरक राजार देशे’ आला, या वेळी पूर्ण रंगीत. आणीबाणी संपून तीनच वर्षं झाली होती. हिऱ्यांच्या खाणी, राबणारे मजूर, बंद पाडलेली शाळा, जळणारी पुस्तकं आणि माणसाच्या डोक्यात राजाची स्तुती भरणारं यंत्र. उत्पल दत्तांचा हीरक राजा यमकात बोलतो, त्याचे दरबारीही यमकात बोलतात. सौमित्र चटर्जींचा शाळामास्तर मात्र साध्या गद्यात बोलतो. मुलांना हे न सांगता कळतं, हा माझा अनुभव आहे. शेवटी राजाचा पुतळा दोरानं ओढून पाडतात, आणि ओढणाऱ्यांत राजा स्वतःही असतो. बंगालमध्ये आजही मोर्चे निघाले, कुठे पुतळ्यांचा वाद झाला, की या सिनेमातल्या ओळी फलकांवर येतात. एवढं राजकीय आयुष्य आपल्याकडे कुठल्याच बालचित्रपटाला लाभलं नाही. या सिनेमासाठी अनुप घोषाल यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिसरा भाग, ‘गुपी बाघा फिरे एलो’, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संदीप राय यांनी केला. ज्या मुलाच्या हट्टापायी सगळं सुरू झालं, त्याच्याच हाती गोष्ट गेली. तो भाग पहिल्या दोघांच्या पासंगालाही पुरत नाही.

गोष्ट मुंबईतही पुन्हा जिवंत झाली. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी उपेंद्रकिशोरांच्या मूळ कथेवरून ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा हिंदी अ‍ॅनिमेशनपट केला. चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीची ही निर्मिती २०१३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवली गेली. राय यांची नक्कल करण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत, हे शहाणपणाचं. सपाट, छायाबाहुल्यांच्या वळणाची त्यांची चित्रं स्वतःच्या बळावर उभी राहतात. चित्रपटगृहांत मात्र असे सिनेमे येतात कधी आणि जातात कधी, पत्ताच लागत नाही. रत्नाकर मतकरींची ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नाटकं मराठी पोरं पिढ्यान् पिढ्या पाहत आली, म्हणजे आपल्याकडे प्रेक्षक नाही असं म्हणायला जागा नाही. मराठी चित्रपटाला मुलांसाठी जादूची, गाण्यांची, खाऊन-पिऊन सुखी अशी एक तरी गोष्ट पन्नास वर्षं टिकेल अशी का करता आली नाही, हा प्रश्न मी निर्मात्यांना विचारतो. पैसे नव्हते हे उत्तर चालणार नाही. राय यांच्याकडे रंगीत फिल्मपुरतेही नव्हते.

मूळ सिनेमाचं जतन झालंय, त्यामुळे चांगल्या प्रतीत तो पाहता येतो. घरात मुलं असतील तर त्यांच्यासोबत पाहा. मोबाइलवर नको, घरातल्या मोठ्यात मोठ्या पडद्यावर. भुतांच्या नाचाला आवाज वाढवा आणि मधे बोलून त्याचा अर्थ सांगू नका. आणि पोरांना आधी पोटभर जेवू घाला. पडद्यावर थाळ्या यायला लागल्या की खाण्याचा हट्ट सुरू होतो, आणि आपल्या टाळीनं काही येत नाही.